जुना ग्रीसवर, नवा कपाटात

तू गेलीस त्याला आज सव्वीस दिवस. तेरावं झालं, पाहुणे गेले, शेजाऱ्यांची भांडी धुऊन परत केली. आता घरात मी आणि तुझं मांजर. दोघंही एकमेकांवर नाराज.

तुझ्या खुर्चीत बसून हे लिहितोय. चौथी पास माणूस काय लिहिणार म्हणून हसशील, तर हस. माझं अक्षर म्हणजे ओल्या रेतीवरून कुर्ली चालून गेल्यासारखं, हे तूच म्हणायचीस. अजून तसंच आहे. मधे मधे हात थांबतो. दमायला होतं गो. काही न करता दमायला होतं, हे मला नवीन आहे.

तुझं गुणगान करायला बसलो नाही. ते लोकांनी तेराव्याला केलं. सोशिक होती, म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान खाली घालून भाताची मूद फोडत राहिलो.

मला आपलं एक भांडण पुरं करायचं आहे. कॉम्प्युटरचं. जुना जोराचा की नवा जोराचा. तीन वर्षं ते तसंच लोंबत राहिलं, आणि त्यात मी तुझ्याशी खोटं बोललो होतो. तू असताना सांगायला तोंड उघडलं नाही. आता सांगतो.

जुना आणला तेव्हा स्नेहल बारावीला होती. पोरीला शिकायला हवा म्हणून आणला. पोर शिकायला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली आणि पडवीतला कॉम्प्युटर तुझा झाला. तू दहावी पास, वर टायपिंगची परीक्षा दिलेली. लग्न करून इथे आलीस आणि बोटांना काम मिळालं ते मासे साफ करायचं. चाळिशी उलटल्यावर तीच बोटं परत टपटप चालायला लागली. मासे विकणाऱ्या बायांचे अर्ज, होड्यांच्या परवान्याचे कागद, होमस्टेवाल्यांच्या जेवणाच्या याद्या. देवबागातला अर्धा कागद आपल्या पडवीतून जायचा. मी खाडीवर होड्यांची इंजिनं उघडायचो, तू पडवीत अर्ज भरायचीस. माझ्या हाताला तेल, तुझ्या बोटाला प्रिंटरची शाई. साबण एकच, आणि त्यावरून रोजचं भांडण.

सकाळी तू बटण दाबायचीस आणि चहा ठेवायला आत यायचीस. तो जागा होईपर्यंत आपला चहा व्हायचा.

"उठलो काय गो तुझो म्हातारो?" मी विचारायचो.

"उठता हा. तुमच्यापेक्षा लवकर उठता."

मग तू चुलीपाशी बसून बोलायचीस. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचं जाळं फाटलं, माझा शर्ट परत का भरला. पडवीतून पंख्याची घरघर यायची, मग एकदम सूर बदलायचा आणि तू कप ठेवून उठायचीस. त्या सुरावरून तुला कळायचं की तो तयार झाला. मी तुझी थट्टा करायचो, पण माझं स्वतःचं काम तरी काय होतं? आवाजावरून इंजिन ओळखणं.

पावसाळ्यात त्याच्या पाठीमागून गरम वारा यायचा. तिथे तू काडीपेट्या सुकत ठेवायचीस. शेजारी मिठाची बरणी. मधोमध मांजर.

"जा इंजिन इतक्या तापता, ता अर्धा तेल फुकट जाळता," मी म्हणायचो.

"फुकट कसा? काडीपेटी सुकता मां?"

आणि चुलीला लागायची ती काडी मी तिथलीच उचलायचो.

आता नितीनचं. त्याच्याविषयी कमी लिहायचं होतं, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. वैभववाडीचा मुलगा. घरी भातशेती, थोडे काजू. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. स्नेहलने त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा मी इकडे एका होडीवाल्याच्या घरी शब्द देऊन बसलो होतो. तुला विचारलं नव्हतं, पोरीला तर नाहीच. तिने पुण्यातच लग्नाची नोंदणी केली आणि दोघं जोडीने पाया पडायला आली. मी पडवीच्या पायरीवर उभा राहिलो. पोरीला म्हटलं, तू आत ये. त्याला म्हटलं, "तुमची गाडी चारची आसा." तू आत पानं वाढून ठेवली होतीस. स्नेहलसुद्धा आत आली नाही. पुढे ती एकटी यायला लागली, तुझ्यासाठी. सहा वर्षं मी त्या मुलाचं नाव घरात घेतलं नाही. मासे न ओळखणारा माणूस, असं म्हणायचो त्याला, तेही तो नसताना.

तीन वर्षांपूर्वी कुरियरने खोका आला. लॅपटॉप.

"स्नेहलान धाडल्यान," तू म्हणालीस.

"स्नेहलान काय तेणा?"

तू खोका उघडलास, वरचा कागद वाचलास, मग कपाटामागून जुन्याचा पुठ्ठा काढून आणलास. तू कुठलंच खोकं टाकून द्यायची नाहीस. दोन्ही बाजूबाजूला जमिनीवर ठेवलेस आणि चष्मा पुसलास.

"ओ, तुमी इंजिनवाले. सांगा बघया. जुन्याच्या प्रोसेसराचो आकडो दोन पॉइंट नऊ तीन. नव्याचो एक पॉइंट तीन. पण जुन्यात कोर दोनच, नव्यात धा लिवलेत. खयचो जोराचो?"

मी खोक्याकडे बघितलं. मला त्यावर प्रोसेसर दिसला नाही, पायरीखाली उभा असलेला तो मुलगा दिसला.

"आकडो मोठो तो जोराचो," मी म्हटलं. "जुनो. दुप्पटीन."

हे मी बोललो. चाळीस वर्षं होडीवाल्यांना ओरडून सांगत आलो की अरे, फेरे म्हणजे ओढ नव्हे. रिकामं इंजिन कोणीही भरभर फिरवील. भरलेलं जाळं मागे असताना होडी खेचतं का ते बघ, आणि खेचताना तेल किती पितं ते बघ. नवीन इंजिनाने कमी फेऱ्यांत, कमी तेलात, जुन्याच्या पुढे होडी काढलेली मी कितीदा बघितली. प्रोसेसरातलं मला कळत नव्हतं, मान्य. पण दोन सिलिंडर आणि दहा सिलिंडर यातला फरक मला कळत नव्हता, असं या खाडीवर कोणी म्हणणार नाही. मला शंका आली होती. मी ती गिळली.

तुलाही आली असणार. तू म्हणालीस, "मगे शर्यत लावया. दोन्ही एकदम चालू करूया. तोच अर्ज दोघांक देवया. खयचो आधी छापता ता बघूया."

"पोरखेळ नको."

"पोरखेळ कसो? तुमी होड्यांच्यो शर्यती लावतात ता चलता?"

"माझ्या शब्दावर इस्वास नाय काय तुझो?"

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस, बरंच बघितलंस. "आसांदे," म्हणालीस, आणि खोका बंद करून कपाटात साड्यांखाली ठेवलास.

शर्यत राहिली ती राहिलीच.

मग तीन वर्षं तू त्या जुन्यावर काढलीस. सरकारी अर्ज आता सगळे नेटवरून भरायचे, प्रत्येक पानाला फोटो, प्रत्येक फोटोला चक्र फिरत राहायचं. बाया समोर टोपल्या घेऊन बसायच्या. "बसा गो, तेका जरा श्वास घेवंदे," तू त्यांना सांगायचीस. संध्याकाळी कमरेला हात लावून उठायचीस. ते मी बघत होतो. बघून इंजिनाचे नट पुसत होतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो दुपारचा आपोआप बंद पडायला लागला. मी उचलून मालवणला नेला. दुकानातल्या माणसाने झाकण उघडलं, बोट आत घातलं आणि म्हणाला, काका, प्रोसेसरवरची पेस्ट सुकली आहे, ती उष्णता वरच्या पंख्याकडे पोचवते, ती गेली की हा तापतो आणि जीव वाचवायला बंद होतो. माझ्याकडची संपली, दोन दिवसांनी या. आणि वर म्हणाला, खरं सांगू का, आता नवा घ्या. आजचा साधा लॅपटॉपसुद्धा याच्या कितीतरी पुढे असतो, आणि विजेचं म्हणाल तर याच्या चौथ्या हिश्श्यात भागवतो.

म्हणजे त्या दिवसापासून शंका नव्हती. मला माहीत होतं. एसटीत मांडीवर तो जुना घेऊन बसलो होतो आणि मनाशी ठरवत होतो की हे तुला सांगायचं नाही.

दोन दिवस कोण थांबतो? पेस्ट म्हणजे दोन धातूंच्या मधलं वंगण, असं मी धरलं. वंगण आपल्याकडे डबाभर. होडीच्या पंख्याच्या दांड्याला लावतो ते ग्रीस, खाऱ्या पाण्यातही न सुटणारं. घरी येऊन पंखा काढला, खालचा चौकोन फडक्याने लखलखीत पुसला आणि बोटभर ग्रीस फासलं. वर पंखा दाबून बसवला. आणि चाललं गो! मे महिन्यात भर दुपारी चाललं. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, मालवणच्या माणसाने केलं.

"बरो हातगुणाचो माणूस दिसता," तू म्हणालीस.

मी फुशारलो. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी तो परत कण्हायला लागायचा. तू बाजाराला गेलीस की मी झाकण उघडून परत ग्रीस लावायचो. तुला कळलं नाही म्हणून मी स्वतःवर खूश. एकीकडे ग्रीस, दुसरीकडे कपाटात नवाकोरा लॅपटॉप, आणि मधे तू, कमरेला हात लावून.

मग तू गेलीस.

तुला न्यायच्या दिवशी नितीन आला होता. लाकडं त्याने वाहिली. मग माडाखाली जाऊन उभा राहिला. तेराव्याला अंगणातल्या शेवटच्या पंगतीत जेवला. जाताना म्हणाला, "बाबा, काय लागला तर फोन करा." मी चपला शोधत राहिलो. पायातच होत्या.

गेल्या सोमवारी जनीकाकी आली. तुझी जनी, सकाळी लिलावाला सगळ्यांत पुढे असते ती. टोपली पायरीवर ठेवून थेट पडवीत.

"भावजी, रडूक इलंय नाय. रडान झाला माझा. शुक्रवार शेवटचो दीस आसा. आमचे सतरा जणींचे अर्ज वयनीच्या कॉम्प्युटरात आसत. काडून देवा."

बर्फाच्या पेट्यांचे अर्ज. मासे ताजे राहायला जाड पेट्या मिळणार होत्या त्यांना. तू सगळे भरून ठेवले होतेस, फोटो, परवाने, सह्या सगळं घालून. पाठवायचे तेवढे राहिले आणि तू राहिली नाहीस. पुन्हा भरायचे तर सतरा जणींचे कागद पुन्हा गोळा करायचे. त्या पहाटे बंदरावर, दुपारपर्यंत गावोगाव. आणि भरणार कोण, मी?

बटण दाबलं. पंखा भणाणला, पडदा उजळला, तुझे कागद ठेवलेला तो पिवळा चौकोन दिसला आणि सगळं गप्प. परत दाबलं, परत तेच. मी झाकण उघडलं. ग्रीस पातळ होऊन खाली ओघळलं होतं, उरलं ते सुकून काळं झालं होतं. मी डबा आणला.

"ह्या काय?" जनीकाकी मागून वाकली. "ह्या तर होडयेचा ग्रीस."

"गप रव."

"वयनीच्या कॉम्प्युटराक ग्रीस लावलात? भावजी, उद्या माका ताप इलो तर माका पण ह्याच लावतलात काय?"

तो पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. दोन वर्षांत मी त्या किती वेळा काढल्या-घातल्या देव जाणे. त्यातली एक माझ्या हातात तुटली. तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पंखा एका बाजूने उचललेला राहिला. आता तर तो पडदा उजळायच्या आतच बंद व्हायला लागला.

जनीकाकी खाली बसली. तिचा आवाजही बसला. "भावजी, माझा मरांदे. पण त्या सतरांत तीन बायो एकट्यो आसत. वयनीन तेंका सांगलेल्यान, मी आसंय, भिया नको." मग म्हणाली, "जावयाक फोन करा."

"माका जावय नाय."

"मगे तेराव्याक अंगणात जेवलो तो कोण, वीजबिलवालो?"

मी फोन स्नेहलला लावला. उचलला त्याने.

"बाबा? स्नेहल आंघोळीक गेली हा. काय झाला? बरे आसात मां?"

ठेवून देणार होतो. जनीकाकी माझ्या हाताकडे बघत होती.

"कॉम्प्युटर बंद पडलो," मी म्हटलं.

"खयचो?"

"चलता तो. एकच चलता घरात."

सगळं सांगितलं. ग्रीस सोडून. खुंटी तुटली ते सांगितलं, का तुटली ते नाही. त्याने मला एकदाही अडवलं नाही. मग म्हणाला, "बाबा, प्रोसेसर वाचवच्या नादाक लागा नको. आमका प्रोसेसर होयो कशाक? अर्ज डिस्कात आसत. डिस्क काडूया."

हे मला समजलं. इंजिन बंद पडलं म्हणून खणातली मासळी कोणी समुद्रात टाकत नाही. मी प्लग काढला. फोन बरणीला टेकवून ठेवला, त्यात त्याचं तोंड. तो सांगेल तसे चार स्क्रू काढले. डिस्क हातात आली, पानाच्या डब्याएवढी, वजनदार. ती बसवायची डबी आणि वायर मालवणहून आणायला सांगितली. मी गेलो आणि आणली. दुपारी परत फोन लावला.

"आता लॅपटॉप काडा," तो म्हणाला.

कुठे आहे ते त्याने विचारलं नाही. मी तुझं कपाट उघडलं. तुझ्या साड्या एकेक करून पलंगावर ठेवल्या, घडी न मोडता. तळाला तो. तीन वर्षं डांबराच्या गोळ्यांत निजलेला.

वायर लावली, थोडा वेळ जाऊ दिला, बटण दाबलं. आणि सवयीने चहा ठेवायला उठलो. दोन पावलं टाकली असतील, मागून उजेड पडला. वळून बघतो तर तो जागा होऊन बसलेला. मी दारात उभा राहिलो. आत जायला कारणच नव्हतं.

तिथे मला तुझी जी आठवण झाली गो, ती तुला न्यायच्या दिवशीपण झाली नव्हती. जुन्याने आपल्याला रोज एक चहा दिला. सोळा वर्षं. नव्यावर बसली असतीस तर कंबर वाचली असती, आणि तू कदाचित सकाळी चुलीपाशी बसलीच नसतीस. यातलं काय मागायचं ते मला कळत नाही. दोन्ही मागणं आता फुकट.

नव्याला आवाज नाही. चालू आहे की बंद, कळायला मी त्यावर हात ठेवला, तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. जरासा कोमट. मागून गरम वारा नाही. मांजर येऊन हुंगून गेलं.

डिस्क जोडली. तुझे कागद सगळे दिसले, नावानिशी, ओळीने लावलेले. एकेक अर्ज उघडायला जुन्याला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात याने सगळे सतरा उघडले. मी डोळ्याने बघितलं. नितीनला विचारलं, एक पॉइंट तीनचा असून हे कसं?

"ता निवांत आसताना बाबा. काम पडला की आपसूक चारच्या वर जाता, काम सरला की खाली येता. आणि नुसते फेरे बघूचे नसतत. एका फेऱ्यात ह्यो जितक्या काम करता, तितक्या जुन्याक जमाचा नाय. वर कोर धा. एक पान उघडता, दुसरो फोटो चढवता. अर्धी चूक जुन्या डिस्काची पण आसा, सगळी त्या बिचाऱ्या प्रोसेसरावर घालू नये."

"माका म्हायत होता," मी म्हटलं.

"काय?"

"नवो जोराचो ता. स्नेहलाच्या आवशीक... सुलूक मी उलटा सांगलंय. मुद्दाम."

तो म्हणाला, "पण बाबा, तो जुनो सोळा वर्सां खाऱ्या वाऱ्यात चललो. ह्यो तितको टिकात, ह्या मी सांगूचंय नाय. जुन्याक उघडून हात घालूक जागा तरी होती. ह्याचो प्रोसेसर बोर्डाक डाक लावून चिकटवलेलो. गेलो तर गेलो."

मला ते बरं वाटलं. जुन्याच्या बाजूने कोणीतरी बोललं. माझ्या बाजूने बोलला असंही असेल.

गुरुवारी दुपारपर्यंत सतरा अर्ज गेले. स्नेहल आणि तो, दोघांनी रजा काढून तिकडून बसून पाठवले. मी इकडे फक्त सांगतील ते बटण दाबलं. जनीकाकीने सगळ्यांच्या पावत्या पदरात बांधल्या आणि तुझ्या खुर्चीला हात लावून गेली.

मग नितीन म्हणाला, "बाबा, एक इचारू? ग्रीस परत कधी लावलेलात?"

माझ्या हातातून फडकं पडलं. "तुका कोणी सांगल्यान?"

"आईंनी. दोन वर्सां झाली. तेंचो फोन इलो, म्हणतत, नितीन, प्रोसेसराक इंजिनाचो ग्रीस लावल्यार काय जाता? मी म्हटलंय, आई, चलात थोडे महिने, मगे सुकात. म्हणतत, मगे ठीक आसा. सुकलो की ते परत लावतत. कण्हूक लागलो की मी बाजाराक जातंय, तेंका येळ गावाक होयो म्हणान."

तू बाजाराला त्यासाठी जायचीस. एकदा तर नुसती कोथिंबीर घेऊन आली होतीस. मी म्हटलं होतं, एका जुडीसाठी दोन तास?

तो पुढे बोलला. "मी म्हटलंय, आई, आसो त्रास कित्याक काडतात, कपाटातलो लॅपटॉप काडा. तर म्हणतत, तो मी काडूचंय नाय. तो तेंनी आपल्या हातान काडूक होयो. मी काडलंय तर लॅपटॉप घरात येतलो, तू येवचंस नाय."

मी फोन ठेवला. त्याला न सांगता ठेवला.

आता भांडणाचा निकाल ऐक. नवा जोराचा. तुझा संशय खरा, माझा शब्द खोटा. तेवढं मी कबूल करतो, आणि जिथे असशील तिथून काय म्हणायचं ते म्हण.

पण माझंही तुझ्यावर आहे. तू सांगायला हवं होतंस गो. साबणावरून ओरडायचीस, शर्टावरून ओरडायचीस, ओल्या पायाने आत आलो तर अख्खी वाडी ऐकेल असं ओरडायचीस. या एका गोष्टीवर ओरडली नाहीस. वाट बघत बसलीस. अडकलेल्या इंजिनाची कोणी वाट बघतं? त्याला हातोडा मारावा लागतो, हे तू चाळीस वर्षं बघत होतीस. एक दिवस खोका माझ्या पुढ्यात आपटून म्हणायचंस, खोटारड्या, काढ तो. मी काढला असता. रागावलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण काढला असता. असं आता वाटतं. तेव्हा काढला असता की नाही, ते तुलाच माहीत, म्हणून तर तू थांबलीस. लोक सोशिक म्हणाले तेव्हा मला राग आला होता. सोशिक नव्हतीस. हट्टी होतीस, माझ्यापेक्षा हट्टी. तीन वर्षं कमरेवर काढलीस, पण माझ्या हातूनच व्हायला हवं म्हणून बसलीस.

झालं माझ्या हातून. तू गेल्यावर, तीन आठवडे उशिरा. हे मला पचत नाही, आणि पचवायला आता घाईही नाही.

काल मी परत फोन केला. अर्जाचं काम नव्हतं, तरी केला. त्यालाच दे म्हटलं स्नेहलला. विचारलं, मासे खातास काय रे? तो म्हणाला, खातंय बाबा, पण ओळखूक येणत नाय. मी म्हटलं, या, शिकवतंय.

उद्या येतात दोघं. जावई पहिल्यांदा घरात येताना दारात पायांवर पाणी घालायचं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, हे सासूचं काम. जनीकाकी म्हणाली, मी करतंय भावजी, तुमका जमाचा नाय. मी नको म्हटलं. अडवला मी होता, तर घेणारही मीच.

आज दुपारी तांब्या भरून पायरीवर उभा राहून बघितलं. वाकताना गुडघा दुखतो, पण वाकता येतं. तुकडा उजवीकडून फिरवायचा की डावीकडून ते आठवेना. शेजारच्या जावयांना तू ओवाळताना कितीदा बघितलं, लक्ष कधी दिलं नाही. उजवीकडून फिरवीन. चुकलं तर त्याला कळणार नाही. सासरच्या दारात त्याच्यावरून अजून कोणी फिरवलाच नाही.